उतरायला जागा

भात पोटरीवर आलं की आमच्या शिवारात हल्ली ड्रोन येतो. बेळगावच्या आसपास येळ्ळूर, बस्तवाड, हलगा, सांबरा, बाळेकुंद्री, सगळीकडे तेच. टेम्पोत बॅटऱ्या, एक जनरेटर, औषध कालवायला निळं पिंप आणि विशी-बाविशीचा एखादा पोरगा. १० लिटरची टाकी भरायची, आठ-दहा मिनिटांत एकर मारायचा, बॅटरी बदलायची, पुन्हा टाकी. करप्याचं औषध पाठीवर पंप घेऊन मारायचं म्हणजे गुडघाभर चिखलातून दिवसभर चालणं आणि नाकातोंडात जाणारा वास. त्यातून आमची माणसं सुटली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण बांधावर बसून बघणाऱ्यांत एक वाक्य हमखास निघतं. "किती खालनं उडतंय बघ की. एवढ्या खालनं पडलं तरी काय हुतंय?"

हे कानावर पडलं की माझे मामा अस्वस्थ होतात. एरवी ते मितभाषी. ह्या एका वाक्यावर मात्र त्यांना गप्प बसवत नाही. "खालनं उडणं सोपं न्हवं रे बाबा," ते म्हणतात, "वर असलास की तुला वेळ हाय. खाली आलास की वेळ संपला."

मामा हवाई दलात होते. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेली. पुढे तिथंच एअरमेन ट्रेनिंग स्कूल आलं. त्या कुंपणाच्या कडेनं गुरं चारत वाढलेल्या पोरांना विमानाची ओढ वेगळी लावावी लागत नाही. मामा भरती झाले, इंजिन फिटर झाले आणि नोकरीचा बराच काळ चेतक हेलिकॉप्टरवर गेला. पेन्शन घेऊन गावी आले, पण नुसत्या शेतात मन रमेना. मग हेलिकॉप्टरनं फवारणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत लागले. काम केरळात, रबराच्या मळ्यांवर.

रबराची गोष्ट अशी, की पावसाळ्यात एका बुरशीनं त्याची पानं अवेळी गळतात आणि मग चीक कमी येतो. म्हणून पाऊस लागायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, तेलात कालवलेलं कॉपर ऑक्सिक्लोराइड झाडांच्या शेंड्यांवर मारायचं. झाडं ६०-७० फूट उंच, तीही डोंगरउतारावर. खालून पंपानं शेंडा गाठणं अवघड, म्हणून मोठमोठे मळे हेलिकॉप्टर बोलावत. सकाळी उजाडताच सुरू करायचं आणि वारा उठायच्या आत थांबायचं, नाहीतर औषध भलतीकडे जातं. मशीन होतं बेल ४७ जातीचं, पुढे काचेचा गोल घुमट आणि मागे उघड्या नळ्यांचं शेपूट. हे हेलिकॉप्टर अमेरिकेत १९४६ मध्ये नागरी वापरासाठी प्रमाणित झालं आणि पुढे जगभर शेतीच्या कामाला जुंपलं गेलं. पिस्टनचं इंजिन, दोन जड पाती. ती पाती जड होती हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मामांकडून मी जे शिकलो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची हकिकत नीट कळणार नाही.

हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते धाडकन खाली येतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. इंजिन आणि डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक एकेरी क्लच असतो. सायकलचं पायडल मारायचं थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं, त्याच तत्त्वावरचा. इंजिन मेलं की क्लच सुटतो आणि पंखा मोकळा होतो. मशीन आता खाली येत असतं, त्यामुळे हवा खालून वर पात्यांमधून जाते, आणि पात्यांचा कोन कमी केलेला असेल तर तीच हवा पंखा फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्यानं १९२३ मध्ये याच तत्त्वावर चालणारं ऑटोजायरो उडवून दाखवलं होतं. हेलिकॉप्टर व्यवहारात यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. म्हणजे इंजिनाशिवाय फिरणारा पंखा माणसाला आधी कळला आणि इंजिनानं फिरणारा नंतर जमला. मला ही गोष्ट फार आवडते.

तर, पंखा फिरता ठेवायचा. त्यासाठी पायलटच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो, कलेक्टिव्ह म्हणतात त्याला. तो वर ओढला की पात्यांचा कोन वाढतो, खाली दाबला की कमी होतो. इंजिन गेल्यागेल्या हा दांडा खाली दाबावा लागतो. आपण पडतोय असं जाणवल्यावर माणसाचं सगळं अंग वर ओढायला बघतं, आणि इथं हाताला नेमकं उलटं करायचं असतं. वर ओढला तर फेरे उतरतात, आणि एका मर्यादेखाली उतरले की ते परत चढवायला कुणाच्या बापाला येत नाहीत. यासाठी मिळणारा वेळ सेकंद-दोन सेकंद. हलक्या पात्यांच्या मशीनला त्याहून कमी, जड पात्यांच्या मशीनला थोडा जास्त. जमिनीजवळ आल्यावर नाक उचलून वेग मारायचा, मशीन सपाट करायचं, आणि मग पंख्यात उरलेल्या जोरावर दांडा एकदाच वर ओढून अलगद टेकवायचं. एकदाच. तो जोर वापरून संपला की दुसऱ्यांदा मिळत नाही.

आणखी एक भानगड. इंजिन पंखा एका बाजूला फिरवतं, म्हणून धड उलट्या बाजूला फिरू बघतं. शेपटावरचा छोटा पंखा ते धरून ठेवतो. इंजिन गेलं की हा ओढा एकदम नाहीसा होतो आणि नाक झटका खातं. अमेरिकन मशीनमध्ये ते डावीकडे जातं. चेतक मूळ फ्रेंच घडणीचं, त्याचा पंखा उलटा फिरतो, म्हणून त्यात नाक उजवीकडे जातं. फौजेत चेतकवर हात बसलेला पायलट बेल ४७ वर आला की त्याच्या पायांना हे नव्यानं शिकावं लागतं, आणि तेही इतकं पक्कं, की विचार न करता योग्य पाय दाबला जावा.

हे सगळं हजार-दोन हजार फुटांवर घडलं तर पायलटला जागा निवडता येते, वाऱ्याकडे तोंड करता येतं, चुकलं तर थोडं सावरता येतं. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात उंची आणि वेगाचा एक आलेख असतो. अमुक उंचीवर अमुक वेगापेक्षा कमी असाल आणि इंजिन गेलं, तर सुखरूप उतरणं कठीण, असं तो सांगतो. पायलट मंडळी त्या रेषेला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. फवारणीचं काम या रेषेच्या आतबाहेरच चालतं. शेंड्यांवरून दहा-पंधरा फुटांवर धावायचं, मळा संपला की वर उचलायचं, हळू व्हायचं, वळायचं आणि परत यायचं. त्या वळणावर उंची जेमतेम, वेग कमी, टाकीत औषधाचं वजन. सगळ्यात वाईट जागा तीच, आणि एका सकाळी तिथं कितीदा तरी जावं लागतं.

मामांच्या मशीनचे पायलट फौजेतून निवृत्त झालेले. हरियाणाकडचे. नव्या मळ्यावर पोचलं की गेस्ट हाऊसमध्ये अंग टाकायच्या आधी ते मळ्याच्या मुकादमाला बोलावत आणि चालायला निघत. मामांनाही बरोबर घेत. डोंगराच्या खांद्यावरून, ओढ्यातून, भाताच्या खाचरांतून. विचारत काय? तार कुठून कुठे जाते. ह्या डांबाचा ताण कुठल्या बाजूला दिलाय. ही खाचरं कापून किती दिवस झाले. इथं बैल जातो का, की रुततो. मुकादमाला पहिल्यांदा वाटायचं, साहेबांना शेती घ्यायची आहे.

तारेबद्दल त्यांचं एक सांगणं मामा अजून सांगतात. तार शोधू नका, तार दिसत नाही. डांब शोधा. डांबावर आडवी पट्टी कुठल्या दिशेला आहे ते बघा, म्हणजे तार कुठे चाललीय ते कळेल. एकटाच डांब दिसला तर दुसरा सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हात करड्या डोंगरापुढची तार खरोखरच दिसत नाही. जगभर कृषी उड्डाणात तारेनं जितकी माणसं नेली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं नेली असतील.

पायलटसाहेबांची दुसरी सवय कंपनीच्या लोकांना पटत नसे. ते फवारणीची प्रत्येक रेघ डोंगराकडून खोऱ्याकडे ओढत. उलट दिशेनं, चढावर, फवारत नसत. वर जाताना लांबून वळसा घालून जात. त्यात वेळ जायचा, पेट्रोल जायचं, आणि साइटवरचा मॅनेजर घड्याळ दाखवायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. माझ्या पुढे जमीन खाली जात असली पाहिजे.

त्या सकाळी मामा डोंगरावरच्या सपाटीवर, जिथं टाकी भरायची तिथं उभे होते. मशीन खालच्या अंगाला होतं, दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. आणि मग, मामांच्या शब्दांत सांगायचं तर, "अर्धा आवाज गेला". इंजिनाची गुरगुर थांबली आणि पात्यांचा फट-फट तेवढा उरला. फिटर माणसाला यापेक्षा वाईट काही ऐकू येऊ शकत नाही. मामा कठड्याकडे धावले.

त्यांनी बघितलं तेव्हा मशीन रबराच्या शेंड्यांच्या पुढे निघून खोऱ्यावर आलं होतं. रेघ संपत आली होती आणि पुढे उतार होता, म्हणून शेंड्यांवरची दहा-पंधरा फूट उंची काही क्षणांत दीडदोनशे फूट झाली होती. मशीन वर चढलं नव्हतं. जमीनच खाली गेली होती. खोऱ्यात भाताची कापून झालेली खाचरं, पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरलेली. सगळ्यात रुंद, सपाट आणि मोकळी खाचरं ओढ्याकाठची. वरून बघणारा कुणीही तिकडेच गेला असता. पण दोन दिवसांपूर्वी मुकादमानं पाय घालून दाखवला होता, की तिथं वरची पापडी वाळलेली असली तरी खाली चिखल आहे, पाय पोटरीपर्यंत जातो. स्किड, म्हणजे मशीन ज्यावर टेकतं त्या खालच्या दोन नळ्या, तिथं रुतल्या असत्या, पुढच्या वेगानं मशीन नाकावर गेलं असतं.

पायलटसाहेब वरच्या अरुंद खाचरात उतरले. आडवे न घुसता बांधाला समांतर, लांबीच्या दिशेनं. मामांना नाक उचललेलं दिसलं, मग मशीन सपाट झालेलं दिसलं, मग क्षणभर ते हवेत थांबल्यासारखं वाटलं. जड पात्यांनी साठवलेला जोर तो. मग ते टेकलं आणि धसकटांतून काही हात घसरत जाऊन थांबलं.

पुढचा भाग सांगताना मामांचा आवाज अजून चढतो. मशीन थांबलं, पण पाती फिरतच होती. हलक्या पात्यांची मशीन लवकर थांबतात, ही जड पाती बराच वेळ घेतात, आणि फेरे कमी होतात तशी टोकं खाली लवतात. मळ्यावरचे मजूर वरच्या खाचरातून पळत येत होते, साहेबाला बाहेर काढायला. वरचं खाचर म्हणजे पात्यांच्या जवळजवळ बरोबरीची उंची. चांगुलपणानं धावत येणारी माणसं थेट पात्यांत येणार होती. मामा डोंगरावरून ओरडत खाली पळाले. कुठली भाषा तोंडातून निघाली ते त्यांना आठवत नाही. मुकादमाला तेवढं कळलं आणि त्यानं हात पसरून पोरांना अडवलं. पायलटसाहेब आत बसून होते. पेट्रोलचा कॉक बंद, ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद, बॅटरी बंद, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.

नुकसान म्हणाल तर एक स्किड वाकलं होतं, शेपटाच्या पंख्याखालचं संरक्षक कडं बांधाला घासून मुडपलं होतं. फवारणीच्या दांडीचं एक टोक धसकटात घुसलं होतं आणि त्या टोकाच्या नोझलमधून हिरवट तेल थेंब थेंब गळत होतं. मामांनी पहिल्यांदा ती नोझल फडक्यानं बांधली. एवढा प्रसंग घडून गेल्यावर हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणतात.

इंजिन उघडल्यावर कारण सापडलं. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटून पिस्टनच्या माथ्यावर पडला होता आणि त्यानं आतलं सगळं चेचलं होतं. कागदावर इंजिनाचे तास भरले नव्हते, तपासण्या वेळेवर झाल्या होत्या. मामांचं यावरचं मत ठाम आहे आणि मला ते पटतं. प्रवासाचं हेलिकॉप्टर एकदा उडतं, तासभर एका लयीत चालतं आणि उतरतं. फवारणीचं हेलिकॉप्टर त्याच तासात कितीतरी वेळा भरल्या टाकीनं, पूर्ण ताकदीनं उचलतं, रिकामं होतं, उतरतं, पुन्हा उचलतं. तापणं आणि निवणं, तापणं आणि निवणं. धातू याच गोष्टीनं थकतो. घड्याळात तास तेवढाच दिसतो. आमच्याकडे नांगरट करणारा ट्रॅक्टर आणि लग्नाचं वऱ्हाड नेणारा ट्रॅक्टर यांचे तास सारखे धरणारा माणूस वेड्यात निघेल, पण यंत्रांच्या वह्यांत तेच चालतं.

त्या हंगामात कुणी पुन्हा घड्याळ दाखवलं नाही. पुढच्या हंगामात नवा पायलट आला, आणि चढावर-उतारावर दोन्हीकडे फवारून पेट्रोल वाचवायचा हिशेब पुन्हा सुरू झाला. मामांनी ती नोकरी त्यानंतर फार दिवस केली नाही.

गावी परत आल्यापासून मामांची शिवारात फिरायची तऱ्हा बदलली, असं मामी म्हणते. मला तर तेच मामा आठवतात. मोटारसायकलवर मागे बसले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं बघत जातात आणि मध्येच खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "हितं उतरता येईल." किंवा "हितं नको." त्यांच्यामुळे मलाही सवय लागली, आणि आपला मुलूख मला निराळाच दिसायला लागला.

श्रावणात बळ्ळारी नाल्याला पाणी आलं की शहापूर, वडगाव, अनगोळकडची भातं बुडतात. तिथं काहीच नको. सुगी झाली, त्याच रानात मसूर-वाटाणा पेरला, तो निघाला, की जमीन दगडासारखी घट्ट होते आणि भेगा पडतात. तेव्हा ती चालेल, पण बांध आडवे. पश्चिमेला उचगाव-बेकिनकेरेकडे रताळ्याचे वरंबे. वरंब्यांच्या दिशेनंच उतरायचं, आडवं गेलं की स्किड अडकतो. चिक्कोडी-अथणीचा ऊस वरून मऊ दिसतो, पण बारा फुटी फडात स्किड गुंततात, मशीन कलतं आणि पाती जमिनीला लागतात. निपाणीकडे तंबाखू निघाल्यानंतरची काळी रानं उत्तम. खानापूरच्या पुढे कणकुंबीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते, सगळं जंगल. पण मध्ये मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत आणि ते मामांचे आवडते. "देवानंच हेलिपॅड करून ठेवलंय," म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं जिल्ह्यावर फिरायला लागली, तेव्हा सगळं गाव वर बघत होतं. मामा मात्र ती कुठल्या शेतांवरून जातायत ते बघत होते.

फवारणीच्या हेलिकॉप्टरचं मी नुसतं कौतुक करतोय असं कुणाला वाटू नये. कासरगोडला काजूच्या सरकारी मळ्यांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं गेलं. मळ्यांच्या कुशीतच माणसांच्या वस्त्या, विहिरी, ओढे. तिथल्या घराघरांत जे भोगलं गेलं आणि अजून भोगलं जातंय, ते वाचताना हात थरथरतो. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर त्यावर बंदी घातली. चंदगड-खानापूरकडे काजू आपलाही आहे, डोंगर आणि ओढे तसेच आहेत. हे आपल्याकडे घडू शकलं असतं. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हाही पारावर लोक म्हणत होते, सरकारनं हेलिकॉप्टर पाठवावं. पानांच्या खालची बाजू पांढरीफटक, वरून औषध मारून खालच्या किडीला किती लागणार? शेवटी डायफाच्या अळ्यांनी आणि मायक्रोमसनं तो मावा खाऊन आटोक्यात आणला. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं ते मित्रकीटक शेतापर्यंत पोचवायला फार मोठं काम केलं. वरून काय टाकायचं आणि टाकायचं की नाही, हे उडण्याच्या आधीच ठरायला हवं.

आणि म्हणूनच मला ड्रोनबद्दल बोलायचं आहे. ड्रोनमध्ये माणूस नसतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण त्याला ऑटोरोटेशनही नसतं. पाती छोटी, हलकी, पक्क्या कोनाची. मोटार थांबली की पातंही थांबतं. भरल्या टाकीसकट वीस-पंचवीस किलोचं ते यंत्र आणि त्याची बाकीची फिरती पाती तिथं येतात, जिथं बांधावर बायका भांगलणीची पाळी संपवून भाकरी सोडत असतात. मामा बांधावरच्या लोकांना उठवतात आणि दोन रानं मागे नेऊन बसवतात. लोक कुरकुरतात. उठतात पण.

तारांचं तर आमच्याकडे विचारू नका. सरकारी डांब निदान दिसतात. बोअर मारली की शेतकरी कनेक्शन येईपर्यंत, आणि आल्यावरही, काळी केबल बांबूंवरून शेजाऱ्याच्या रानातून ओढतो. ती कुठल्याच नकाशावर नसते. पावसानं बांबू कलतो, तार झोळ खाते, आणि भात वाढलं की बांबू झाकला जातो. ड्रोन चालवायचा परवाना मिळवताना नियम शिकवतात, मशीन शिकवतात. आदल्या दिवशी रानाच्या मालकाबरोबर चारी बांध चालून बघणं हे मात्र शिकवणाऱ्यानं आपलं समजून शिकवलं तरच येतं. ते प्रशिक्षणात सक्तीचं असावं, असं मला पोटतिडकीनं वाटतं. त्याला अर्धा तास लागतो. एकराला पैसे मोजणाऱ्या धंद्यात तो अर्धा तास कुणी मोजत नाही, जसा केरळातला वळसा कुणी मोजला नव्हता.

यंदा आमच्या रानात फवारायला आली ती शेजारच्या गावातल्या बचत गटाची सून. केंद्रानं बचत गटांना ड्रोन द्यायची योजना २०२३ मध्ये आणली, त्यातून काम शिकलेली. फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती आदल्या संध्याकाळी सासऱ्यांच्या मागे स्कूटरवर बसून आली आणि म्हणाली, रान दाखवा. मामा चप्पल घालून आधीच उभे होते. आम्ही चौघं बांधानं निघालो. पूर्वेच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"मामा, ही तार कुणाची?"

"शेजाऱ्याची. बोअरची."

"कधी ओढली?"

"गेल्या आठवड्यात."

तिनं भातात दोन पावलं आत जाऊन पुढचा बांबू शोधला, मग त्याच्या पुढचा, तो सापडेना तेव्हा मामांनी हातातल्या काठीनं पीक बाजूला करून दाखवला. मग ती म्हणाली, "ही कड मी मारत नाही. ती पंपानं मारून घ्या. पैसे तेवढे कमी द्या." मामा म्हणाले, पैसे पुरे देणार. तिचे सासरे नको म्हणाले. तो वाद बांध संपेपर्यंत चालला, आणि सकाळी ती कड मी पंपानं मारली.